राखणदाराचा कोरा चहा

गजाभाऊ तोडणकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रत्नागिरीतल्या एका व्यासपीठावर. व्यसनमुक्ती सप्ताहाचा समारोप होता. समई वाऱ्याने विझत होती आणि संयोजक ओंजळीचा आडोसा करून ती पुन्हा पुन्हा पेटवत होते. तेवढा एक प्रयत्न सोडला तर त्या कार्यक्रमात प्रामाणिक असं काही नव्हतं. पाहुणे उशिरा आले. शाळेतून आणून बसवलेल्या पोरांनी आयुष्यभर मद्याला न शिवण्याची शपथ एका सुरात घेतली, आणि ती संपताच बिस्किटांच्या पुड्यांकडे माना वळवल्या. मग ‘व्यसनावर मात केलेले’ म्हणून गजाभाऊंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. उंच, वाळलेला माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नारळ बगलेत. निवेदिकेने दोन शब्द बोलायची विनंती केली.

गजाभाऊ माइकसमोर आले. “दोनच सांगतो. प्यावीशी वाटते.” जरा थांबून म्हणाले, “आत्तापण. पाहुणे बाजूला बसल्यापासून थोडी जास्तच.”

शेवटच्या रांगेतले चार-पाच जण खदाखदा हसले. ती त्यांची माणसं होती, हे मला पुढे कळलं. पाहुण्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि आभारप्रदर्शन लवकर उरकलं.

गजाभाऊ गेल्या श्रावणात गेले. निजल्या जागी, हृदय बंद पडून. त्यांच्यानंतर मला एकच प्रश्न विचारला जातो, तोही हळू आवाजात: शेवटपर्यंत कोरडे राहिले ना? विचारणारे बरेचसे त्यांच्यामुळेच कोरडे राहिलेले असतात. त्यांचा जीव त्या उत्तरात अडकलेला असतो. मी ‘हो’ म्हणतो. पण त्या ‘हो’च्या मागे मी जे पाहिलं आहे, ते असं उभ्या उभ्या सांगता येत नाही.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या मेव्हण्यामुळे. विलास मालवाहू जहाजावर होता. बाटलीपायी कंपनीने घरी पाठवला. घरी आल्यावर त्याने आमचं घरही जहाजासारखं डोलतं केलं. शेवटी कोणीतरी गजाभाऊंचं नाव सुचवलं. मी फोन केला तर पलीकडून आवाज आला, “आधी डॉक्टर, मग मी. एकदम बंद केली तर माणूस फिट येऊन मरतो. मी काय सलाईन लावतो?” विलास इस्पितळात राहिला आणि तिथून सुटल्यावर मी त्याला गजाभाऊंच्या पडवीत नेऊन सोडला.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीवरून चढ चढून वर आलं की त्यांची वाडी. पडवीत तीन खाटा होत्या आणि खाटांवर सत्काराच्या शाली. जरीच्या, भगव्या, हिरव्या. त्यांच्या बायकोने, शालिनीवहिनींनी, दोन-दोन शाली एकत्र शिवून त्यांची पांघरुणं केली होती. त्या शालींनी कोणाला ऊब दिल्याचं मी तिथेच प्रथम पाहिलं.

गजाभाऊ बंदरात होड्यांच्या इंजिनांचं काम करायचे. पडवीत एक जुना डिझेल पंप पडलेला असे. नव्या माणसाला ते पान्हे आणि तो पंप देत. खोल, पूस, जोड. हात थरथरत असताना स्क्रू बसवायला अख्खी सकाळ जाई. विलासने तो पुन्हा पुन्हा जोडला, तरी चालेना. तो वैतागून म्हणाला, “भाऊ, हा कधी चालला होता काय?”

“चालला तर दुसरा आणायला लागेल,” गजाभाऊ म्हणाले. “गपचूप खोल परत.”

उपदेश ते करत नसत. ‘मी दारू सोडली’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. “मी सोडली, तिने नाय सोडलं अजून,” असं म्हणत. मी ग्रंथपाल होतो, पण पुस्तकाशी संबंध असलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी मास्तर. “मास्तर, तुमच्या पुस्तकांत मनोनिग्रह लिहिलाय ना? ती पुस्तकं पिऊन लिहिलेली असणार.”

विलासला सुरुवातीला माणसं दिसत. इस्पितळातून आल्यावरही एक राहिलाच: पडवीच्या कोपऱ्यात, जात्याजवळ उकिडवा बसलेला. मी तिथे असताना विलास एकदम ओरडला. मी ‘अरे, कोणी नाही’ म्हणणार, तोच गजाभाऊंनी मला हाताने गप्प केलं.

“काय घातलंय त्याने?”

“बनियन.”

“ओळखीचा हाय?”

“नाय.”

गजाभाऊ कोपऱ्याकडे वळले आणि पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, “बसा हां. पण याच्याशी आता बोलू नका, आजारी हाय तो.” मग विलासच्या आणि जात्याच्या मध्ये पाट टाकून, कोपऱ्याकडे तोंड करून फणसाच्या आठळ्या सोलत बसले. विलास थोड्या वेळाने झोपला.

निघताना मी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, “खुळे काय मास्तर? कोण नव्हतं तिथे. पण त्याला दिसतंय आणि तुम्ही ‘नाय’ म्हणालात, तर तो एकटा पडतो. मग त्याला त्या बनियनवाल्याचीच सोबत.” मी हसलो. पायरीवरून चपला घालत असताना ते पुन्हा म्हणाले, “त्या कोपऱ्यात कोण नव्हतं.” ‘त्या’ या शब्दावर दिलेला जोर मला बस येईपर्यंत पुरला.

त्यांची एक गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. ती मला शालिनीवहिनींनी सांगितली. बरीच वर्षं कोरडे राहिल्यावर एका लग्नात त्यांनी एक पेला घेतला. कोणी आग्रह केला नव्हता, कोणी फसवलं नव्हतं. त्या पेल्यापाठोपाठ ते कित्येक दिवस घराबाहेर. त्यांच्या आधाराने उभा राहिलेला वाडीतला बाळा नावाचा एक तरुण होता. त्याच्या कानावर ते गेलं. “भाऊच पितात तर मी कोण?” म्हणून तोही प्यायला बसला, आणि ओहोटीला होडी आणायला म्हणून खाडीत उतरला तो कांदळवनात सापडला. “तेव्हापासून यांचा घोट यांच्या एकट्याचा राहिला नाय,” वहिनी म्हणाल्या. “दर घोटामागे कोणतरी उभा असतो.”

ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढची कळणार नाही.

वाडीच्या वर सडा आहे. काळा कातळ, वितभर गवत, झाड एकही नाही. मधोमध जांभ्याचा पुरुषभर उंच दगड उभा. तो राखणदार. त्याला शेंदूर नाही, देऊळ नाही. वाडीची, गुरांची, आंब्याच्या कलमांची राखण तो करतो आणि त्याबद्दल वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची: कोंबडा, भाकरी आणि पहिल्या धारेची बाटली. इतर गावांत ही राखण तिन्हीसांजेला देतात. इथे भर दुपारी, सावली पायाखाली आली की. बाटली दगडापुढच्या करवंटीत ओतायचा मान तोडणकरांच्या घराचा. आणि ओतणाऱ्याने त्याच बाटलीतला पहिला घोट स्वतः घ्यायचा. विष नाही याची ती खात्री. दुसऱ्या दिवशी करवंटी रिकामी असते. मी म्हणायचो, कुत्री पीत असतील. तशी कुत्री मी पाहिलेली नाहीत, हेही खरं.

गजाभाऊंनी सोडल्यापासून हा मान त्यांचा चुलतभाऊ सुरेश चालवत होता. वर्षातून एकदाचा तो मान त्याने बारा महिने, विनाखंड चालवला आणि काविळीने गेला. आता घरात पुरुष एकच उरला. राखण जवळ आली तसे वाडीचे मुख्य, नाना गावकर, पडवीत येऊन बसले. मी विलासला भेटायला गेलो होतो, म्हणून हे ऐकायला मिळालं.

“घोटभर रे गजा. औषधासारखा.”

“औषध मी डॉक्टरच्या चिठ्ठीने घेतो, नाना.”

“मस्करी नको. घराण्याचा मान हाय.”

“म्हणून तर. माझा आजा मानाने मेला, बापूस मानाने मेला, सुरेश परवा गेला. किती मान घ्यायचा एका घराने?”

“मग ओतणार कोण? दुसऱ्या हातचं तो घेत नाय.”

“मीच ओतणार. चहा.”

“दुधाचा?”

“कोरा. उन्हात दूध नासेल.”

नाना उठून उभे राहिले. “तू पी नायतर नको पिऊ, तुझं तू बघ. आमच्या राखणदाराला कशाला माळकरी करतोस?”

“नाना, बसा. तो मागत होता का आपण लावली?” गजाभाऊंचा आवाज अगदी खाली आला होता. “पणज्याच्या आधीपासून वर्षातनं एकदा पाजायची, आणि मग वर्षभर कोरडा ठेवायचा. तुम्हीच सांगता, तो हाका मारतो, बायकांच्या मागनं चालतो, कलमांत दगड भिरकावतो. माझ्या बायकोला विचारा, मी काय वेगळं करत होतो?”

आतून वहिनींचा आवाज आला, “दगड नाय. ताटं.”

नाना हसले नाहीत. “वाडीवर काय आलं तर?”

“माझ्यावर येईल. पण मी तो घोट घेतला तर काय येईल ते वाडीने एकदा बघितलंय.” बाळाचं नाव कोणी घेतलं नाही. पडवीतल्या तिन्ही खाटांवरचे तिघे मान खाली घालून होते. ते कोणाच्या घोटाची वाट बघत होते ते नानांनाही दिसलं असावं, कारण ते टोपी घालून पायऱ्या उतरले.

राखणीच्या दुपारी मी सड्यावर होतो. पुरुष अर्धगोल करून उभे, ऊन असं की पायातल्या चपला कातळाला चिकटाव्यात. गजाभाऊंनी वाफ निघणारी किटली दगडापुढे ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा महाराजा, या सड्याच्या, वाटेच्या, गुरावासरांच्या राखणदारा...”

“होय महाराजा!” सगळे म्हणाले.

“आजवर तुला जे पाजलं ते आमच्या अडाणीपणाने पाजलं...”

“होय महाराजा,” दोघे-तिघे म्हणाले.

“आजपासून ती बंद. अंग मोडून येईल, घाम फुटेल, झोप येणार नाय, राग येईल. तो राग माझ्यावर काढ, पोराबाळांवर काढू नको. सोबतीला मी हाय...”

कोणीच काही म्हणालं नाही. वारा पडला होता. मग माझ्या मागून ‘होय’ आलं. नुसतं ‘होय’, महाराजा नाही. विलास म्हणाला असेल असं मला वाटलं. उतरताना विलासने मला विचारलं, “भावोजी, तुम्ही कशाला होय म्हणालात?”

पुढच्या दिवसांत भर दुपारी सड्यावरून काठी आपटल्याचा आवाज यायचा. टक्. मग बऱ्याच वेळाने टक्. मी तो पडवीत बसून ऐकला आहे. सुतारपक्षी असतो तसा. सड्यावर झाड नाही, एवढी अडचण राहते. गुरं दगडाच्या अंगाला चरेनात. पाण्याला निघालेली एक बाई अर्ध्या वाटेवरून घागर टाकून आली; म्हणाली, कोण दिसलं नाही, पण कोणीतरी मोठ्या माणसासारखं रडत होतं. वाडी घाबरली. गजाभाऊ मात्र आजारी माणसाच्या घरच्यासारखे वागत होते.

“होणारच,” ते विलासला म्हणाले. “तुला काय कमी झालं?”

रोज जेवणाआधी किटली घेऊन ते वर जात. एकदा मी हट्टाने बरोबर गेलो. दगडाच्या अंगाला त्यांनी बसकण मारली आणि दोन पेले भरले. मी दुसऱ्याला हात घातला.

“तो नाय, मास्तर. तुमचा घरी गेल्यावर.”

तो पेला त्यांनी आपल्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवला आणि बोलू लागले. पडवीत बोलत तसंच, तुटक. “काल जेवलास काय?” मग थांबत. ते थांबणं ऐकणाऱ्या माणसाचं होतं. मध्येच मान डोलवत, एकदा तर चुकचुकले. “नाय, ते स्वप्न पडतंच. प्यायल्याचं. उठल्यावर तोंडाला चवपण असते. मला अजून पडतं.” पुन्हा थांबले आणि माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, “आज जरा बरं हाय त्याला. थरथर कमी झालीय.”

बसायला जागा बघावी म्हणून मी त्या पेल्यापलीकडे कातळावर तळवा टेकला. सगळा सडा तव्यासारखा तापलेला. तो एवढा तुकडा गार होता, विहिरीच्या पायरीसारखा. सूर्य डोक्यावर होता, दगडाची सावली दगडाखाली होती. मी हात काढून घेतला आणि उभाच राहिलो. कोणी विचारलं तर याचं कारण देता यावं म्हणून मी पुढे भूगर्भाविषयी दोन पुस्तकं चाळली. ती चांगली पुस्तकं होती.

मग हवामान फिरलं आणि कलमांचा मोहोर गळला. तालुकाभर सगळ्यांचाच गळला. वर्तमानपत्रात फोटो आले, पाहणी करायला गाडीतून साहेब आले आणि गाडीतूनच पाहणी करून गेले. पण वाडीला कारण माहीत होतं. पडवीसमोरून जाताना लोक थुंकू लागले. वहिनींशी बायका बोलेनात. गजाभाऊंनी जेवण कमी केलं. विलासने मला फोन केला: “भाऊ पंप खोलत बसतात हल्ली. स्वतःच.” ज्या वस्तूवर ते इतरांचे हात सावरत, ती त्यांनी स्वतःसाठी घेतली होती. याचा अर्थ विलासला कळत होता, मलाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. चढावर नाना गावकर भेटले. ते सड्यावरून उतरत होते, टोपी हातात, तोंड मातीसारखं झालेलं.

“काय झालं नाना?”

“काल दुपारी मी जाऊन ओतली ओ,” ते म्हणाले. “गजाला न सांगता. पहिल्या धारेची, काठोकाठ. बोललो, घे बाबा, त्या गजाचं ऐकू नको.” त्यांनी माझा दंड धरला. “आता बघून आलो. तशीच हाय. थेंब कमी नाय. पाखरू बुडालं नाय, मुंगी चढली नाय. मास्तर, त्याने तोंड लावलं नाय ओ.”

आनंद नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. वाडीचा कोणीतरी त्यांच्या हातून निसटला होता.

“गजाभाऊंना कळलं?”

“वरच हाय तो. मी बोलवलं तर ऐकू आलं नाय त्याला.”

मी जमेल तितक्या वेगाने चढलो. सड्याच्या कडेला गुरं येऊ नयेत म्हणून रचलेला गडगा आहे, कमरेएवढा. तिथे पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि मला श्वास घेता येत नव्हता. समोर, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, गजाभाऊ दगडाशी बसले होते. आज किटली नव्हती. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पुढ्यात करवंटी. वास माझ्यापर्यंत येत होता. काजूचा, गोड, डोळ्यांत जाणारा. ते तिच्याकडे पाहत होते. आसपास कोणी नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं, आणि ज्याच्यासाठी ती ओतली होती त्याने ती सोडून दिली होती.

मी हाक मारणार होतो. गडग्याला दोन्ही हात टेकून पुढे वाकलो.

गजाभाऊंचा उजवा हात उठला आणि करवंटीकडे गेला. घाईने नाही, उशापाशी ठेवलेल्या पाण्याकडे जावा तसा. आणि मध्येच राहिला. माणूस स्वतःचा हात आवरतो तेव्हा कोपर वाकतं, खांदा मागे येतो. तसं काही झालं नाही. खांदा पुढेच चालला होता, पाठ वाकत होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. हात मात्र करवंटीच्या वितभर अलीकडे हवेत होता, तो पुढे जात नव्हता. बोटं उघडली, मिटली. हे किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. माझे दोन्ही तळवे गडग्याच्या जांभ्यावर खरचटले होते, ते मला बसमध्ये कळलं.

मग खांदा ढिला झाला. हात हळूहळू खाली आला, मांडीवर टेकला. गजाभाऊंनी डावीकडे मान वळवली आणि वर पाहिलं. बाजूला उभ्या असलेल्या, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे पाहावं तसं. चोरी पकडली गेल्यावर पोर हसतं, तसे ते हसले.

“बरं बाबा,” ते म्हणाले. “नाय घेत.”

त्यांनी पायाने करवंटी लवंडली. कातळावर ओल पसरली, उन्हाने लगेच वाळू लागली. मग गजाभाऊ जरासे उजवीकडे सरकले, डाव्या बाजूची धूळ हाताने झटकली आणि जागा करून दिली.